आसूड की कासरा? : हृदयाच्या दुबळ्या स्नायूची आणि एका औषधाची गोष्ट

वर्गात नाडी मोजण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो. मनगटावर तीन बोटं ठेवायची, सेकंदकाट्याकडे बघत मिनिटभर ठोके मोजायचे, मग मैदानाला एक फेरी मारून यायचं आणि पुन्हा मोजायचे. सत्तर-ऐंशीचा आकडा एकशे वीस-तीसवर गेलेला पाहून मुलांना मौज वाटते. ‘असं का झालं?’ असं विचारलं तर उत्तरही तयार असतं : ‘पळताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, म्हणून हृदय भराभर चालतं.’

उत्तर बरोबर आहे. पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. एखादा माणूस खाटेवर स्वस्थ पडून आहे आणि तरीही त्याचं हृदय मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतं आहे. हे धावणं त्याला तारतंय की मारतंय? ते तसंच चालू द्यावं, आणखी वाढवावं, की आवरावं?

या प्रश्नाचं एक उत्तर वैद्यकशास्त्राकडे होतं. पाठ्यपुस्तकांत ते छापलेलं होतं आणि त्यामागे प्रयोगांचा आधारही होता. ते बदलायला सुमारे पंचवीस वर्षं लागली, आणि नवं उत्तर जुन्याच्या नेमकं उलट निघालं. ही हकीकत शिक्षकांना जवळची वाटेल असं आम्हाला वाटतं, कारण तिच्यात हृदयाबरोबरच ‘एखादी गोष्ट सिद्ध झाली असं कधी म्हणायचं?’ हा विज्ञानातला कायमचा प्रश्नही आहे.

स्नायूची पिशवी

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो झटका : हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चोंदते आणि स्नायूचा एखादा भाग मरतो. काहींना झडपांचे विकार ठाऊक असतात. पण रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, झडपा ठीक आहेत, रक्तदाबही फारसा नाही, आणि तरीही हृदयाचा स्नायूच दुबळा झाला आहे, असंही होतं. या विकारांना कार्डिओमायोपथी म्हणतात. आपण त्यांना हृत्स्नायुविकार म्हणू.

आधी निरोगी हृदयाचा हिशोब पाहू. शरीरभर रक्त ढकलण्याचं काम हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं. जुन्या पाठ्यपुस्तकांत याला डावी जवनिका म्हणत, नव्या पुस्तकांत डावं निलय म्हणतात. हा कप्पा पूर्ण भरला की त्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त मावतं. एका आकुंचनात त्यातलं सुमारे ७० मिलिलिटर बाहेर पडतं, म्हणजे निम्म्याहून थोडं अधिक. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ७० × ७२ म्हणजे सुमारे पाच लिटर रक्त दर मिनिटाला बाहेर पडतं. दिवसभराचे ठोके मोजले तर ते भरतात १,०३,६८०. हातापायांचा कोणताही स्नायू असं अखंड काम करत नाही.

भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं, या आकड्याला डॉक्टरांच्या लेखी फार महत्त्व असतं. निरोगी माणसात तो ५५ ते ७० टक्के असतो. स्नायू दुबळा झाला की तो घसरतो. ३० टक्के, २० टक्के, कधी त्याहूनही खाली. मग कप्प्यात रक्त साचतं, भिंती ताणल्या जातात, आणि हवा भरलेल्या फुग्यासारखं हृदय फुगून गोलसर होतं. फुप्फुसांत पाणी साचतं, पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते आणि पुढे उताणं झोपणंही अशक्य होतं.

आजाराला नाव मिळालं

‘कार्डिओमायोपथी’ हा शब्द रूढ झाला तो लंडनचे डॉक्टर वॉलेस ब्रिग्डेन यांच्या १९५७ सालच्या लेखांमुळे. धमन्यांच्या विकाराशी संबंध नसलेले हृदयस्नायूचे आजार त्यांनी एका नावाखाली आणले. लंडनमधल्याच हॅमरस्मिथ रुग्णालयाचे जॉन गुडविन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत त्यांचे तीन गट केले. एका गटात स्नायू जाड होतो, दुसऱ्यात तो ताठर होतो, आणि तिसऱ्यात तो पातळ, दुबळा होऊन हृदय फुगतं. आपली गोष्ट या तिसऱ्या, फुगलेल्या हृदयाची आहे.

हा आजार कशानं होतो याचं एकच उत्तर नाही. काहींच्या हृदयस्नायूला विषाणूंच्या संसर्गानं इजा झालेली असते, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांचं मद्यपान कारण असतं, काही स्त्रियांना बाळंतपणाच्या आसपास हा विकार जडतो, तर काही घराण्यांत तो जनुकांतून उतरतो. स्नायूतल्या ‘टायटिन’ नावाच्या लांबलचक प्रथिनाच्या जनुकातले दोष हे आनुवंशिक प्रकाराचं एक मोठं कारण आहे, हे २०१२ साली कळलं. त्याआधी २००९ साली हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयस्नायूतल्या आणखी एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असल्याचं दाखवलं होतं. भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत हा बदल आढळतो आणि हृत्स्नायुविकाराशी त्याचा संबंध आहे. तेव्हा हा आजार आपल्यापासून फार दूर नाही.

१९६० च्या दशकात मात्र कारण कळो न कळो, हाती असलेले उपाय मोजकेच होते : विश्रांती, मीठ कमी, लघवी वाढवून साचलेलं पाणी काढणारी औषधं आणि डिजिटॅलिस. हे सगळं करूनही अनेक रुग्ण निदान झाल्यापासून काही वर्षांतच दगावत. हृदयच बदलावं, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती डिसेंबर १९६७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. लगेच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तशी शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण काही तासच जगला. भारतात हृदयरोपण यशस्वी व्हायला ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला. त्या वेळी ती शस्त्रक्रिया दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केली. मधली सव्वीस वर्षं आपल्याकडच्या रुग्णांसाठी औषधांवाचून दुसरा मार्ग नव्हता.

आसुडाचा तर्क

हृदय दुबळं आहे, तर त्याचा जोर वाढवा, हा विचार कुणालाही सुचेल असाच होता. त्याला मोठी परंपराही होती. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. तिच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह दाखवलं होतं. डिजिटॅलिसनं हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढतो हे पुढे सिद्ध झालं. त्याहून अधिक जोर देणारी औषधं शोधणं ही त्यामुळे ओघानं आलेली वाट होती.

शरीर स्वतःही हाच उपाय करतं. हृदयाकडून पुरेसं रक्त येत नाही असं दिसताच मज्जासंस्था नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन सोडते. पळताना, घाबरल्यावर आपलं हृदय धडधडतं ते याच्या आणि त्याच्या भावंडाच्या, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर. ही रसायनं हृदयपेशींवरच्या ठरावीक रेणूंना चिकटतात. या रेणूंना ग्राही म्हणतात. १९४८ साली अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असावेत असं मांडलं. हृदयावरचे ग्राही प्रामुख्यानं बीटा. कुलपात किल्ली फिरावी तसं नॉरअ‍ॅड्रिनलिन त्यांत बसलं की ठोके वाढतात आणि आकुंचनाचा जोरही वाढतो.

या कुलपात बसणारी पण ते न उघडणारी, नुसती जागा अडवणारी किल्ली बनवता येईल का? ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी ती बनवली. त्यांचं प्रोप्रॅनोलॉल हे औषध १९६० च्या दशकाच्या मध्यावर वापरात आलं. अशा औषधांना बीटारोधक म्हणतात. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना त्यांनी आराम पडू लागला, कारण हृदयाचं काम कमी झालं की त्याची प्राणवायूची गरजही कमी होते. या कामाचा वाटा असलेलं नोबेल पारितोषिक ब्लॅक यांना १९८८ साली मिळालं.

पण दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला बीटारोधक? छे! अमेरिकेत युजिन ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवलं होतं की अशा रुग्णांच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढलेलं असतं. आणि मज्जासंस्थेचा हा आधार औषधानं काढून घेतला तर काहींची प्रकृती लगेच बिघडते. निष्कर्ष सरळ होता : दुबळं हृदय या आधारावरच कसंबसं उभं आहे, तो काढू नका. बीटारोधक औषधं दुबळ्या हृदयाला वर्ज्य, असा नियम झाला. तो अडाण्यांचा समज नव्हता. चांगल्या शास्त्रज्ञांनी केलेल्या चांगल्या प्रयोगांवर तो उभा होता, हे पुढची गोष्ट वाचताना लक्षात ठेवायला हवं.

सात रुग्ण

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात फिन वागस्टाइन, ओके याल्मारसन आणि त्यांचे सहकारी अशा रुग्णांकडे पाहत होते. स्वस्थ पडलेल्या माणसाचं हृदय सतत पळतंय, ही गोष्ट त्यांना आधार न वाटता अपाय वाटू लागली.

त्यांची शंका समजून घ्यायला थोडं गणित करू. मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८६ सेकंद मिळतो. त्यातला ढोबळमानानं ०.३ सेकंद आकुंचनात जातो, उरलेला हृदय सैल पडून भरण्यात. म्हणजे दर मिनिटाला २१ सेकंद काम आणि ३९ सेकंद सैल. ठोके १२० झाले तर एका ठोक्याला अर्धा सेकंदच मिळतो. त्यात आकुंचनाला पाव सेकंद लागला तर मिनिटात ३० सेकंद काम, ३० सेकंद सैल. गंमत म्हणजे हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःला रक्त मिळतं तेही मुख्यतः ती सैल पडलेली असताना, कारण आकुंचनाच्या वेळी तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. थोडक्यात, ठोके वाढले की काम वाढतं आणि जेवणाची सुट्टी कमी होते. निरोगी हृदय मैदानाच्या एका फेरीपुरतं हे सहज सोसतं. आजारी हृदयानं ते रात्रंदिवस, महिनोन्‌महिने कसं सोसावं?

गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी नियम मोडला, पण अगदी सावधपणे. हृदय फुगलेल्या आणि आजार बराच पुढे गेलेल्या सात रुग्णांना त्यांनी बीटारोधक औषधं दिली. स्वस्थ असताना या रुग्णांच्या ठोक्यांची सरासरी मिनिटाला ९८ होती. उपचार दोन ते बारा महिने चालले. रुग्णांना बरं वाटू लागलं, त्यांची काम करण्याची शक्ती वाढली, फुगलेल्या हृदयाचा आकार कमी झाला आणि तपासण्यांत हृदयाचं काम सुधारल्याचं दिसलं. १९७५ साली ब्रिटनमधल्या हृदयविज्ञानाच्या एका नियतकालिकात हा निबंध छापून आला. वाढलेलं नॉरअ‍ॅड्रिनलिन हा या आजाराचा नुसता परिणाम नसून तो आजार वाढवणारा घटकही असू शकतो, असं त्यात सुचवलेलं होतं.

थकलेला बैल चढावर अडला तर आसूड ओढल्यावर चार पावलं पुढे जातो, हे खरं. पण शहाणा शेतकरी कासरा आवरून त्याला दम खाऊ देतो. वागस्टाइन मंडळींनी केलं ते हेच.

शंका घेणाऱ्यांचं काय चुकलं?

आपल्याला वाटेल, आता सगळ्या डॉक्टरांनी हे औषध उचलून धरलं असेल. तसं झालं नाही. बहुतेकांनी या निबंधाकडे दुर्लक्ष केलं किंवा तो धोकादायक मानला. आम्हाला इथे वाचकांना थोडं थांबवायचं आहे. नव्या विचाराला विरोध करणारे सगळे हट्टी आणि मांडणारे सगळे द्रष्टे, अशा गोष्टी आपण मुलांना फार सांगतो. इथे तसं चित्र रंगवणं अन्यायाचं होईल.

रुग्ण सातच होते. तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता. विषाणूच्या संसर्गानंतर दुबळं झालेलं हृदय कधी कधी आपोआपही सुधारतं, आणि या सातांपैकी सहा जणांना आधी तसा संसर्ग होऊन गेलेला होता. मग सुधारणा औषधानं झाली की काळानं, हे कसं ठरवायचं?

१९७९ साली कार्ल स्वेडबर्ग आणि त्याच गटातल्या सहकाऱ्यांनी पुढचा पुरावा दिला. औषध घेतलेल्या २४ रुग्णांपैकी वर्षाअखेर ८३ टक्के जिवंत होते. औषध न मिळालेल्या १३ रुग्णांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण हे १३ जण आधीच्या काळातले, नोंदींतून निवडलेले रुग्ण होते. दोन गटांत औषधाखेरीज दुसरा काही फरक नव्हताच, याची खात्री अशा तुलनेत देता येत नाही.

पुढच्याच वर्षी या मंडळींनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. औषधानं सुधारलेल्या रुग्णांचं औषध थांबवलं. हृदयाचं काम पुन्हा खालावलं, काहींची प्रकृती ढासळली, आणि औषध सुरू केल्यावर सुधारली. वर्गातल्या प्रयोगात आपण दिव्याचं बटण दाबून दिवा लागतो का पाहतो आणि मग बटण बंद करून विझतो का तेही पाहतो. हा पुरावा त्या जातीचा होता.

मग इतरांनी छोट्या नियंत्रित चाचण्या केल्या. त्यांतल्या काही महिनाभराच्या होत्या, आणि त्यांत फायदा दिसला नाही. टीकाकारांना बळ मिळालं. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या, जास्त काळ चाललेल्या एकदोन चाचण्यांत मात्र काही रुग्णांना फायदा झाल्याचं दिसलं. तेच औषध, तोच आजार, आणि उत्तरं वेगळी! कोड्याची किल्ली ‘महिनाभर’ या शब्दात होती, पण ते तेव्हा कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं.

प्रयोगशाळेतून आलेली साक्ष

याच सुमारास दुसऱ्या बाजूनं पुरावा गोळा होत होता. १९८२ साली अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी हृदयरोपणाच्या वेळी काढलेली आजारी हृदयं तपासली. त्यांवरच्या बीटा ग्राहींची संख्या निरोगी हृदयांच्या मानानं निम्म्यानं किंवा त्याहूनही कमी झालेली होती. दारावर रात्रंदिवस कुणी थापा मारत राहिलं तर घरातला माणूस कडी लावून घेतो, तशी पेशींनी आपली दारं मिटून घेतली होती. नॉरअ‍ॅड्रिनलिनचा मारा त्यांना नकोसा झाला होता, असाच याचा अर्थ.

१९८४ साली जे कोन आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांच्या रक्तातलं नॉरअ‍ॅड्रिनलिन मोजलं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं. १९९२ साली मांजराच्या हृदयपेशी काचपात्रात वाढवून दाखवण्यात आलं की नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या माऱ्यानं त्या पेशी मरतात आणि बीटारोधकानं त्यांचा बराच बचाव होतो. नॉरअ‍ॅड्रिनलिनमुळे पेशीत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरतं, आणि इथे ते घातक ठरतं.

आसुडाचा हिशोबही १९९१ साली चुकता झाला. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या मिल्रिनोन या औषधाची गोळी दुबळ्या हृदयाच्या १,०८८ रुग्णांच्या चाचणीत वापरण्यात आली. ते घेतल्यावर हृदय तात्काळ जोरानं चालतं याबद्दल दुमत नव्हतं. पण निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना त्यासारखीच दिसणारी रिकामी गोळी दिल्यावर दिसलं ते असं : औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होतं. विदरिंगच्या डिजिटॅलिसवर १९९७ साली ६,८०० रुग्णांची चाचणी पूर्ण झाली. त्यानं रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, पण आयुष्य वाढलं नाही.

शेवटी उत्तर मिळालं

फुगलेल्या हृदयाच्या ३८३ रुग्णांवर वागस्टाइन यांच्याच पुढाकारानं झालेल्या, मेटोप्रोलॉल या बीटारोधकाच्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले. मृत्यूंच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. पण हृदयरोपणाची गरज भासण्याइतके खालावलेले रुग्ण रिकाम्या गोळीच्या गटात १९ होते, औषधाच्या गटात २. आशा वाढली, पण खात्री पटेना. १९९६ साली अमेरिकेत कार्व्हेडिलॉल हे दुसरं बीटारोधक १,०९४ रुग्णांच्या चाचणीत वापरलं गेलं. रिकाम्या गोळीच्या गटात मृत्यूचं प्रमाण ७.८ टक्के, औषधाच्या गटात ३.२ टक्के.

मग १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यांत हृत्स्नायुविकाराबरोबरच झटक्यानंतर हृदय दुबळं झालेले रुग्णही होते. बिसोप्रोलॉलच्या चाचणीत २,६४७ रुग्ण होते; रिकामी गोळी घेणाऱ्यांत २२८ जण दगावले, औषध घेणाऱ्यांत १५६. मेटोप्रोलॉलच्या चाचणीत ३,९९१ रुग्ण होते. तिथे हे आकडे २१७ आणि १४५ असे आले. दोन्ही चाचण्या ठरलेल्या मुदतीआधी थांबवाव्या लागल्या. फायदा इतका स्पष्ट होता की निम्म्या रुग्णांना रिकामी गोळी देत राहणं योग्य ठरलं नसतं.

ही वजाबाकी मुलांकडून जरूर करून घ्यावी. पहिल्या चाचणीत ७२ आणि दुसरीतही ७२ मृत्यू कमी. म्हणजे दोन चाचण्यांत मिळून १४४ माणसं. १९७५ ते १९९९ ही चोवीस वर्षं म्हणजे नुसता वादविवादाचा काळ नव्हता. त्या काळात जगभरातले लाखो रुग्ण या औषधावाचून राहिले. आणि घाई करून अर्ध्या पुराव्यावर ते सरसकट दिलं असतं, तर चुकीच्या मात्रेनं किती दगावले असते तेही सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना माणसांचे जीव होते.

कधी पाहायचं, हाच प्रश्न

मग जुने प्रयोग खोटे होते का? मुळीच नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात मेटोप्रोलॉल सुरू केलेल्या रुग्णांची हृदयं ठरावीक अंतरानं तपासली गेली. पहिल्या दिवशी हृदयाचं काम खालावलं होतं. महिन्याअखेरही विशेष फरक नव्हता. सुधारणा दिसली ती पहिल्या आणि तिसऱ्या महिन्याच्या दरम्यान. दीड वर्षानं तर हृदयाचा गोलसरपणा कमी होऊन ते मूळ आकाराकडे वळलेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला औषध घातक दिसलं, महिन्यानं पाहणाऱ्याला निरुपयोगी, आणि वर्षानं पाहणाऱ्याला गुणकारी. तिघांनीही खरं तेच पाहिलं होतं!

औषधाच्या तात्काळ परिणामात हृदयाचा आसूड जातो, म्हणून ते मंदावतं. सावकाश होणाऱ्या परिणामात पेशी सावरतात, त्यांची मरतुक थांबते, मिटलेली दारं काही प्रमाणात पुन्हा उघडतात आणि ठोक्यांची घातक अनियमितता टळते. हे दोन परिणाम उलट दिशांचे आहेत. म्हणूनच हे औषध देण्याची रीतही वेगळी आहे. बिसोप्रोलॉलची पूर्ण मात्रा दिवसाला दहा मिलिग्रॅम, पण सुरुवात करतात ती सव्वा मिलिग्रॅमनं, म्हणजे आठव्या हिश्शानं. रुग्णाच्या अंगावरचं पाणी आधी उतरवून, मग काही आठवड्यांच्या अंतरानं मात्रा पायरीपायरीनं वाढवतात. तीच मात्रा एकदम दिली तर जुन्या पाठ्यपुस्तकातला इशारा आजही खरा ठरू शकतो. सगळी बीटारोधकं यासाठी चालत नाहीत, दमेकऱ्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, आणि हे सारं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं, हे सांगायला नकोच.

आज बीटारोधकांच्या जोडीला आणखी तीन प्रकारची औषधं आहेत. त्यांतली काही शरीरानं घाईनं उभ्या केलेल्या ‘मदती’लाच आवर घालतात, तर एक प्रकार मूळचा मधुमेहावरचा, तो दुबळ्या हृदयालाही उपयोगी पडतो हे २०१९ साली दिसून आलं. ठोक्यांची लय सांभाळणारी उपकरणं छातीत बसवता येतात आणि शेवटचा उपाय म्हणून हृदयरोपणही करता येतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या नातेवाइकांना डॉक्टर हात हलवून दाखवत, असे कित्येक रुग्ण आज कामधंदा करताना दिसतात.

यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. हृदय पूर्ववत झालं, तर गोळ्या बंद करायच्या का? बरं वाटू लागलं की गोळ्या सोडणं हा आपल्याकडे घराघरातला अनुभव आहे. लंडनमध्ये यावर एक चाचणी झाली. फुगलेलं हृदय औषधांनी पूर्ववत झालेल्या ५१ जणांपैकी २५ जणांची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली, २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत पहिल्या गटातल्या ११ जणांचा आजार उलटला. दुसऱ्या गटात एकाचाही नाही. हा निबंध २०१९ सालचा. १९८० साली गोथेनबर्गच्या मंडळींनी दिव्याचं बटण बंद करून जे पाहिलं होतं, तेच चाळीस वर्षांनी पक्क्या पद्धतीनं पुन्हा दिसलं. हृदय सावरलेलं असतं, पण पुष्कळदा ते बरं झालेलं नसतं. आपल्या ओळखीत असा कुणी रुग्ण असेल तर एवढी एक गोष्ट त्याच्या कानावर जरूर घालावी : गोळ्या बंद करायच्या की नाही, हे बरं वाटण्यावर ठरवू नये, डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पुढच्या वेळी वर्गात नाडी मोजण्याचा प्रयोग घ्याल तेव्हा आणखी एक मोजणी करायला सांगा. मैदानावरून आल्याबरोबर एकदा, दोन मिनिटांनी एकदा आणि दहा मिनिटांनी एकदा. तीन आकडे वेगवेगळे येतील. मग मुलांना विचारा, यातला खरा आकडा कोणता?